पहिला बाप्तिस्मा वाया गेला का?

माझ्या आतेभावानं वयाच्या सव्विसाव्या वर्षी पुण्याजवळच्या एका शेततळ्यात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आत्या दोन महिने त्याच्याशी धड बोलली नाही. आम्ही नगरकडचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. त्याचा बाप्तिस्मा तो तीन महिन्यांचा असतानाच झाला होता. पाळकसाहेबांनी डोक्यावर तीनदा पाणी घातलं, त्यानं रडून देऊळ डोक्यावर घेतलं, मग घरी पुलाव. त्याचा दाखला आत्याच्या ट्रंकेत आहे, त्या दिवशीचं पांढरं झबलंही तिथंच. "पहिला काय वाया गेला?" एवढंच ती विचारत होती.

प्रश्न चार शब्दांचा. पण त्यावर ख्रिस्ती जगात पाचशे वर्षं वाद चालू आहे, आणि एकेकाळी त्यापायी माणसांना नदीत बुडवून मारलेलं आहे. मी स्वतः अजूनही त्या पुलाववाल्या मंडळीतच आहे. तरी आतेभाऊ काय म्हणत होता ते नीट समजून घ्यायला मला बराच काळ लागला, आणि आमच्याकडच्या पुष्कळांना ते आजही माहीत नाही. म्हणून हा लेख.

ज्या माणसाला "माझा येशूवर विश्वास आहे" हे स्वतःच्या तोंडानं, समजून-उमजून सांगता येतं, त्यालाच बाप्तिस्मा द्यायचा, या भूमिकेला "विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा" म्हणतात. तान्ह्या बाळाला द्यायचा नाही. आईबाप कितीही भाविक असले तरी नाही. बॅप्टिस्ट, मेनोनाइट, ब्रदरेन, पेंटेकॉस्टल, सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट अशा अनेक मंडळ्या असं मानतात. उलट कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन, प्रेसबिटेरियन, मेथडिस्ट हे बाळांनाही बाप्तिस्मा देतात. आणि मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), जी १८८२ साली मुंबईत उतरली, ती पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. तेव्हा "ख्रिस्ती लोक असं करतात" असं सरसकट वाक्य या विषयात तरी चालत नाही.

दोन गैरसमज आधीच बाजूला काढतो. पहिला म्हणजे हा वाद पाणी किती याचा आहे, ही समजूत. शिंपडायचं, ओतायचं की बुडवायचं? हा वादही आहे, पण तो वेगळा. ऑर्थोडॉक्स मंडळीत तान्ह्या बाळालाच कुंडात तीनदा बुडवतात. बुडवणं आहे, पण विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा नाही. आणि मेनोनाइटांच्या बऱ्याच मंडळ्या मोठ्या माणसाच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओततात. बुडवणं नाही, पण बाप्तिस्मा विश्वासणाऱ्याचाच.

दुसरा गैरसमज आपल्याकडे फार आहे. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक यांनी जाणत्या वयात बाप्तिस्मा घेतला, म्हणून मराठी ख्रिस्ती परंपरा विश्वासणाऱ्याच्या बाप्तिस्म्याची आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. जो माणूस दुसऱ्या धर्मातून येतो तो मोठा झाल्यावरच येतो. त्याला सगळ्याच मंडळ्या विश्वास विचारून बाप्तिस्मा देतात, रोमन कॅथलिकसुद्धा. पहिल्या पिढीत फरक दिसतच नाही. खरा फरक दिसतो तो या माणसांना मुलं झाल्यावर, पाळण्यापाशी. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथं झाला, तेव्हा त्यांच्याबरोबर छोट्या मनोरमेचाही झाला. रमाबाईंना विचारलं गेलं होतं. मनोरमेला कोण विचारणार, ती एवढीशी. बॅप्टिस्ट माणूस तिथं उभा असता तर म्हणाला असता: आईचा द्या, मुलीचा थांबवा.

आता शेततळ्यावर येतो. मी गेलो होतो. आत्याला न सांगता.

फेब्रुवारीची सकाळ, प्लॅस्टिकचा काळा कागद अंथरलेलं तळं, कडेला सतरंजी, पेटी आणि डफ. सातजण होते. त्यांचे दोन-अडीच महिने वर्ग झाले होते: पाप म्हणजे काय, पश्चात्ताप म्हणजे काय, मंडळीचं सभासद होणं म्हणजे काय. शेवटी पास्टर प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलले होते. एकाला त्यांनी "अजून थांब" म्हणून परत पाठवलं होतं, हे मला विशेष वाटलं. आमच्याकडे बाप्तिस्म्याला कुणाला परत पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही.

आधी साक्ष. म्हणजे प्रत्येकानं उभं राहून आपण इथवर कसे आलो ते सांगायचं. कुणी रडत सांगितलं, कुणी पाठ केल्यासारखं. आतेभाऊ दोनच मिनिटं बोलला. मग पास्टर कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि एकेकाला बोलावू लागले. उतरल्यावर विचारायचे, येशू ख्रिस्त तुझा तारणारा आणि प्रभू आहे असा तुझा विश्वास आहे का? जुनं जीवन सोडून त्याच्यामागं चालायला तू तयार आहेस का? "होय" हा शब्द काठावरच्या लोकांना ऐकू गेला पाहिजे, असा दंडक. मग एक हात पाठीवर, दुसऱ्या हातानं रुमालासकट नाक धरायचं आणि "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने" म्हणत माणसाला पाठीवर मागं झुकवून पुरतं पाण्याखाली न्यायचं. क्षणभर. लगेच वर. तो क्षण मात्र बघणाऱ्यालाही लांब वाटतो. बाहेर आल्यावर टॉवेल, टाळ्या, गाणं.

मागं झुकवायचं कारण मला तिथंच कळलं. प्रेत उताणं ठेवतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर मरणात पुरले गेलो, यासाठी की तो जसा मेलेल्यांतून उठला तसं आपणही नव्या जीवनात चालावं. म्हणजे पाणी ही इथं कबर आहे. खाली जाणं म्हणजे जुन्या माणसाला मूठमाती, वर येणं म्हणजे पुनरुत्थान. आंघोळीचा, शुद्धीचा अर्थही बायबलात आहे, पण बुडवणाऱ्या मंडळ्यांचा भर कबरेवर. चिमूटभर माती टाकून कुणाला पुरलं असं म्हणता येत नाही, हा त्यांचा आवडता युक्तिवाद. चर्च ऑफ द ब्रदरेन या मूळच्या जर्मन मंडळीचे लोक गुडघे टेकून पुढच्या बाजूनं तीनदा बुडवतात, कारण येशूनं मरताना मान पुढं टाकली. डहाणूला त्यांचं मिशन होतं. जितक्या मंडळ्या तितके तपशील.

मूळ ग्रीक क्रियापद बुडवणं, भिजवणं या अर्थाचंच आहे; बुडालेल्या जहाजांसाठीसुद्धा ते वापरत. मग आपल्या बायबलात "बाप्तिस्मा" कसा? तो अनुवाद नाही, ग्रीक शब्दच देवनागरीत बसवलेला आहे. बहुतेक भाषांत असंच झालं. त्यात एक सोय आहे: शिंपडणारा, ओतणारा आणि बुडवणारा तिघेही एकच बायबल वाचून आपापला अर्थ काढू शकतात. बंगालमधल्या बॅप्टिस्ट भाषांतरकारांना ही सोय पटली नाही. त्यांनी बंगालीत सरळ बुडवणे या अर्थाचा शब्द घातला. १८३० च्या दशकात त्यावरून इतकं बिनसलं की ब्रिटिश बायबल सोसायटीनं त्या भाषांतराला पैसे द्यायचं नाकारलं आणि पुढं बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये आपली वेगळी भाषांतर संस्था काढली. एका क्रियापदापायी!

पण बायबल या बाबतीत नेमकं सांगतं तरी काय? इथं दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळतं, आणि कुणालाच पुरेसं मिळत नाही.

विश्वासणाऱ्याच्या बाप्तिस्म्याची बाजू क्रमावर उभी आहे. नव्या करारात जिथं जिथं प्रसंग तपशिलानं सांगितला आहे तिथं आधी ऐकणं, मग विश्वास, मग पाणी. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र उपदेश करतो, ज्यांनी त्याचं वचन स्वीकारलं त्यांचा बाप्तिस्मा होतो, सुमारे ३,००० माणसं. फिलिप्पाला रस्त्यात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार भेटतो; रथात बसून चर्चा होते, पाणी दिसतं, खजिनदार विचारतो, हे बघ पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? पुढच्या वचनात फिलिप्प म्हणतो, मनापासून विश्वास असेल तर चालेल. गंमत अशी की हे वचन जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, म्हणून आजची बरीच भाषांतरं ते कंसात किंवा तळटिपेत टाकतात. बहुधा कुणा नकलकाराला वाटलं असावं की कबुलीशिवाय हा बाप्तिस्मा अर्धवट राहतो, आणि त्यानं ती भरून काढली. मला त्या अज्ञात नकलकाराबद्दल फार कुतूहल आहे. आतेभावाचाच पूर्वज म्हणायचा.

दुसरी बाजू घरावर उभी आहे. फिलिप्पै शहरातला तुरुंगाधिकारी रात्री विश्वास ठेवतो आणि त्याचा व त्याच्या सगळ्या घरादाराचा बाप्तिस्मा होतो. लुदियेच्या घराचंही तसंच. घरात लहान मुलं नसतील कशावरून? शिवाय यहुद्यांत मुलग्याची सुंता आठव्या दिवशी होई, तिथंही कुणी बाळाची संमती घेत नसे, आणि कलस्सैकरांच्या पत्रात सुंता व बाप्तिस्मा यांचा शेजारी शेजारी उल्लेख आहे. देवाचा करार घराशी असतो, एकेकट्या माणसाशी नाही, असं हे म्हणणं. यावर बॅप्टिस्टांचं उत्तर तयार असतं: घरात बाळ होतं असं तरी कुठं लिहिलंय? आणि घर एका दमात विश्वास ठेवतंच असं नाही. आपल्याकडचंच बघा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला, पण त्यानं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी आपला बाप्तिस्मा सुमारे पाच वर्षांनी, स्वतःला पटल्यावर घेतला.

पहिल्या काही शतकांतही चित्र संमिश्रच दिसतं. 'दिदाखे' नावाची एक फार जुनी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिची सूचना मला अत्यंत व्यवहारी वाटते: वाहत्या पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट चालेल, तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आणि घेणाऱ्यानं आधी एक-दोन दिवस उपास करावा. उपास बाळ करू शकत नाही, एवढं खरं. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजचा तर्तुलियन लिहितो की लहान मुलांना थांबवावं, निरागस वयाला पापक्षमेची एवढी घाई कसली? हे वाक्य दोन्ही बाजू पुढं करतात. एक म्हणते, बघा, तो विरोध करतोय. दुसरी म्हणते, विरोध करतोय म्हणजे प्रथा तेव्हाही होती.

कल उलटवला तो मुख्यतः ऑगस्टिननं. माणूस जन्मतःच आदिपापाचा, म्हणजे आदामाच्या पहिल्या पापाचा, वारसा घेऊन येतो, आणि ते बाप्तिस्म्यानं धुतलं जातं, ही मांडणी त्यानं घट्ट केली. ज्या काळात पाळण्यातली निम्मी-अर्धी लेकरं दगावत, त्या काळात असं मानल्यावर कोणती आई थांबेल? स्वतः ऑगस्टिनची आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती होती, तरी तिनं मुलाचा बाप्तिस्मा लहानपणी केला नव्हता; तो ३८७ साली मिलानमध्ये, बत्तीस वर्षांचा असताना झाला. पुढं हजारेक वर्षं पश्चिम युरोपात बाळाचा बाप्तिस्मा हाच बाप्तिस्मा झाला. जन्म, बाप्तिस्मा, चर्चच्या वहीत नाव आणि राजाची प्रजा होणं हे सगळं एकाच धाग्यात ओवलं गेलं.

तो धागा तोडला तो स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये. १५२५ चा जानेवारी. शहरात झ्विंग्लीच्या पुढाकारानं धर्मसुधारणा चालू होती, पण त्याचेच काही तरुण शिष्य म्हणू लागले की नव्या करारात बालबाप्तिस्मा दिसत नाही, तेव्हा तो बंद करा. नगरसभेनं उलट फर्मान काढलं: आठ दिवसांच्या आत सगळ्या बाळांचा बाप्तिस्मा करा, नाहीतर शहर सोडा. शिष्यांपैकी कॉन्राड ग्रेबेलच्या घरी त्याच महिन्यात मुलगी झाली होती, राहेल. म्हणजे पुन्हा पाळणाच. २१ जानेवारीच्या संध्याकाळी ही मंडळी फेलिक्स मान्झच्या घरी जमली. जॉर्ज ब्लाउरॉक हा पूर्वीचा पाद्री उठला आणि त्यानं ग्रेबेलला म्हटलं, मला बाप्तिस्मा दे. ग्रेबेलनं दिला. मग ब्लाउरॉकनं इतरांना. बहुधा पाणी ओतूनच. घरात बुडायला जागा कुठली.

लोकांनी त्यांना नाव ठेवलं अ‍ॅनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे. त्यांना ते नाव कधीच मान्य नव्हतं. पुन्हा कसला? पहिला झालाच नव्हता, असं त्यांचं म्हणणं. आत्याच्या प्रश्नाला आतेभावाकडचं सरळ उत्तर हेच आहे, आणि ते ऐकायला कडू आहे: वाया गेला नाही, तो बाप्तिस्मा नव्हताच. तू माझ्यासाठी केलेली प्रार्थना होती.

एवढ्याशा गोष्टीवर सरकार का चिडावं? कारण बाळांचा बाप्तिस्मा ऐच्छिक केला की चर्च ही राज्यापेक्षा वेगळी गोष्ट ठरते. तिथं माणूस जन्मानं नाही, निवडीनं येतो. आणि जो निवडून येतो तो न येण्याचीही मुभा मागतो. झुरिकनं पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारण्याचा कायदा केला. ५ जानेवारी १५२७ ला मान्झला लिम्माट नदीत, हात गुडघ्यांपुढं बांधून, ढकललं. काठावरून त्याची आई त्याला खंबीर राहायला सांगत होती. पाण्याचा गुन्हा, पाण्याचीच शिक्षा. १५२९ मध्ये श्पायरच्या साम्राज्यसभेनं हीच देहदंडाची शिक्षा सगळ्या जर्मन साम्राज्याला लागू केली, आणि त्यावर कॅथलिक व लुथरन राजांचं एकमत झालं, जे त्या काळी दुर्मीळ होतं. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर शहरात याच पंथातल्या एका अतिरेकी गटानं रक्तरंजित राज्य केलं, त्यानं उरलेल्यांची बदनामी अधिकच झाली. मेन्नो सिमन्ससारख्यांनी शस्त्र न धरणारी मंडळी पुन्हा बांधली, तेच मेनोनाइट. २००४ साली झुरिकच्या रिफॉर्म्ड चर्चनं क्षमा मागितली आणि लिम्माटच्या काठी या लोकांच्या स्मरणाचा दगड बसवला. पावणेपाचशे वर्षांनी.

बॅप्टिस्ट मंडळीची मुळं इंग्रजांत. १६०९ साली आम्स्टरडॅममध्ये आश्रयाला असलेल्या जॉन स्मिथनं, योग्य बाप्तिस्मा झालेला कुणीच दिसेना म्हणून, स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला. नंतर त्याचाच त्याला पस्तावा झाला. त्याचा साथी थॉमस हेल्विस लंडनला परतला, राजाला माणसाच्या अंतःकरणावर सत्ता नाही असं लिहून मोकळा झाला आणि तुरुंगात मेला. पुरतं बुडवण्याचा आग्रह १६४० च्या दशकात पक्का झाला.

याच मंडळीचा विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालला आला. मराठी माणसाला तो १८०५ च्या मराठी व्याकरणामुळं माहीत असतो. आल्यावर सात वर्षांनी, कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, पहिला माणूस तयार झाला, कृष्ण पाल नावाचा सुतार. २८ डिसेंबर १८०० ला हुगळीच्या घाटावर गर्दीसमोर केरीनं आधी सांगितलं की आम्ही ही नदी पवित्र मानत नाही, हे नुसतं पाणी आहे. त्या दिवशी पाण्यात दोघांना उतरवलं. एक कृष्ण पाल. दुसरा फेलिक्स केरी, म्हणजे विल्यमचाच पोरगा, पंधराच्या आसपासचा. हा विषय कुणी मला एका चित्रात दाखवायला सांगितला तर मी हेच दाखवीन. मिशनऱ्याचा मुलगा आणि बंगाली सुतार एकाच घाटावर, एकाच रांगेत. पोराला बापाच्या पुण्याईची जरासुद्धा सवलत नाही.

आणि आता महाराष्ट्राचा संबंध, जो मला फार उशिरा कळला. १८१२ मध्ये अमेरिकेतून पहिले मिशनरी हिंदुस्थानात यायला निघाले. पाच तरुण, सगळे काँग्रिगेशनल म्हणजे बालबाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळीचे. त्यातला अडोनिरॅम जडसन बोटीवर ग्रीक नवा करार घेऊन बसला. त्याला चिंता होती की तिकडं कुणी ख्रिस्ती झालाच तर त्याच्या मुलाबाळांना, नोकरचाकरांना बाप्तिस्मा द्यायचा का. आणि पुढं केरीच्या लोकांशी गाठ पडणार, त्यांना उत्तर काय द्यायचं. उत्तर शोधता शोधता तो स्वतःच डळमळला. बायको अ‍ॅन म्हणाली, तू बॅप्टिस्ट झालास तर मी होणार नाही. शेवटी दोघांनीही ६ सप्टेंबर १८१२ ला कलकत्त्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. पुढं त्या पाचांतला ल्यूथर राइसही बॅप्टिस्टांकडे गेला. ज्या संस्थेनं पाठवलं होतं तिच्याशी संबंध तुटला. जडसन ब्रह्मदेशात गेला.

उरलेल्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. पुढं नगर, टिळक, आमचं घराणं, आत्याची ट्रंक. मुंबईला हॉलऐवजी जडसन आला असता तर मी आज तीन महिन्यांच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा पुलाव खाल्ला नसता. स्कॉटिश मिशन आणि अँग्लिकनही बालबाप्तिस्म्याचेच, वसईचे कॅथलिक तर त्याला स्नानसंस्कार म्हणतात. म्हणून मराठीत "बाप्तिस्मा" म्हटलं की डोळ्यांपुढं पांढरं झबलं येतं. अपवाद आहेत: वऱ्हाडात अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशनची मंडळी पूर्वीपासून बुडवणारी. शहरांतून पेंटेकॉस्टल मंडळ्या वाढल्या तसा हा प्रश्न घराघरांत शिरला.

आता खरा अवघड भाग. स्वतःचं "होय" पाहिजे, हे मान्य. पण ते कितव्या वर्षी? हा प्रश्न मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टातही येऊन गेलाय, जरी वेगळ्या वेषात. १८३९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याकडे धनजीभाई नवरोजी या सोळा-सतरा वर्षांच्या पारशी मुलानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा कोर्टानं त्याला स्वतःचं ठरवू दिलं. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्री यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, मिशनऱ्यांकडे राहत होता. कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. (त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना केवढा त्रास सोसावा लागला ती वेगळीच कहाणी.) बारा नाही, सतरा होय. मंडळ्यांनाही यापेक्षा नेमकं उत्तर सापडलेलं नाही. अमेरिकेत सात-आठ वर्षांच्या मुलांचे बाप्तिस्मे होतात. आपल्याकडे बरेच पास्टर अठरा पूर्ण होईपर्यंत थांबतात, त्यात कायद्याची धास्तीही असते.

आणि इथंच बॅप्टिस्टांची पंचाईत होते, असं मला वाटतं. पहिल्या पिढीचं "होय" घाम फोडणारं असतं. त्यांच्या मुलांचं काय? रविवारच्या शाळेतली सगळी बॅच पंधरा वर्षांची झाली, वर्ग लागला, मैत्रीण उतरली म्हणून मी उतरले. साक्ष पाठ केलेली. मग हे "होय" बाळाच्या रडण्यापेक्षा कितीसं स्वतःचं? आतेभावाला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, म्हणून तर पास्टरनी एकाला परत पाठवला.

आमच्या बाजूचीही पंचाईत काही कमी नाही. बाळाच्या वतीनं आईबाप आणि धर्ममाता-धर्मपिता बोलतात, आणि मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी त्यानं ते स्वतः म्हणायचं असतं. पुष्कळजण ते शाळेच्या परीक्षेसारखं उरकतात. १९४३ साली कार्ल बार्थ या रिफॉर्म्ड परंपरेतल्याच बड्या ईश्वरविज्ञानीनं बालबाप्तिस्म्यावर जाहीर टीका केली, तेव्हा त्याच्या लोकांना धक्का बसला तो याचमुळं. तरी बालबाप्तिस्म्याची एक बाजू मला अजून सोडवत नाही. आई बाळाशी मराठीत बोलायला त्याची परवानगी मागत नाही. आधी बोलते, मग कधीतरी ते उत्तर देतं. देवाची कृपा आपल्या उत्तराआधीची आहे, हे दाखवायला तीन महिन्यांच्या, काहीच न करू शकणाऱ्या जिवाइतकं चांगलं चित्र नाही. आतेभाऊ म्हणतो, चित्र चांगलंय, पण आज्ञा तशी नाही.

मतभेदाच्या तळाशी हेच आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मानतात की त्या पाण्यातून देव खरोखर काही करतो. म्हणून तो संस्कार. बहुतेक बॅप्टिस्ट मानतात की जे करायचं ते देवानं आधीच केलंय, पाणी फक्त त्याची जाहीर कबुली. म्हणून ते आज्ञापालन. येशूशेजारच्या वधस्तंभावरचा चोर बाप्तिस्म्याविना सुखलोकात गेला, याचा ते दाखला देतात. मग बुडायचं कशाला? प्रभूनं सांगितलं म्हणून, असं उत्तर मिळतं, आणि त्यापुढं बोलणं खुंटतं.

बारकाईनं पाहिलं तर दोन्हीकडे दोन-दोन प्रसंग आहेत. एकीकडे जन्मल्यावर बाप्तिस्मा, मोठेपणी दृढीकरण. दुसरीकडे जन्मल्यावर बाळाचं समर्पण, म्हणजे आईबापांनी त्याला मंडळीसमोर आणून प्रार्थना करायची, आणि मोठेपणी बाप्तिस्मा. पाणी फक्त वेगवेगळ्या टोकाला ठेवलंय. हे ओळखून काहीजणांनी तोडही काढली, आणि ती आपल्या नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यात अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्ट आणि ब्रदरेनही होते. त्यांनी दोन्ही वाटा नियमात बसवल्या: आईबापांनी ठरवावं, बाळाला आज पाणी की आज समर्पण. युरोपात ज्यावरून माणसं बुडवली, ते इथं एका घटनेत शेजारी शेजारी लिहिलं गेलं.

तोड निघाली नाही ती आत्याच्या प्रश्नावर. बाळपणी बाप्तिस्मा झालेला माणूस पुन्हा मागायला आला तर? एक बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, यावर बालबाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या ठाम आहेत. १९८२ च्या लिमा इथल्या सर्वमंडळ्यांच्या मसुद्यातही पुन्हा बाप्तिस्मा वाटेल असं काही करू नका असंच म्हटलंय. बुडवणाऱ्या बऱ्याच मंडळ्या मात्र त्याला नवाच धरतात, आणि त्याशिवाय सभासद करून घेत नाहीत. इथं मधली वाट नाही, कारण एक बाजू दुसऱ्याचा बाप्तिस्मा मानते आणि दुसरी पहिल्याचा मानत नाही. घरातल्या भांडणात हे असंतुलन फार टोचतं. आत्याला राग त्याच्या बुडण्याचा नव्हता. तिनं केलेलं काही मोजलंच नाही, याचा होता.

मागच्या वर्षी आतेभावाला मुलगी झाली. त्यांच्या मंडळीत समर्पण ठरलं, आत्यालाही बोलावलं. ती आली, आणि येताना ट्रंकेतलं पांढरं झबलं घेऊन आली. वहिनींनी काही न बोलता मुलीला तेच घातलं. पास्टरांनी बाळाला हातात घेऊन प्रार्थना केली, सगळे आमेन म्हणाले, पाणी कुठंच नव्हतं. आत्या शेवटपर्यंत इकडं-तिकडं बघत होती.

संध्याकाळी घरी बाळाला न्हाऊ मीच घालणार म्हणून तिनं हट्ट धरला. मोरीचं दार लोटलेलं होतं. शेवटचा तांब्या घालताना ती तीनदा थांबली आणि काहीतरी पुटपुटली, असं वहिनी सांगतात. आतेभाऊ बाहेर पेपर वाचत बसला होता. त्यानं पान उलटलं.